पाहुण्यांसाठी आवरलेला वर्ग

आमच्या समोरच्या घरात राहणारे म्हातारे अमेरिकन प्रोफेसर तत्त्वज्ञानाचे. तत्त्वज्ञानी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दाढीवाला, कुठंतरी शून्यात बघणारा कुणीतरी यायचा. हे तसले नव्हेत. ड्राइव्ह-वेवरचा बर्फ स्वतः ओढणारे, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायची मला आठवण करून देणारे आणि माझ्या कांदेपोह्यांवर लिंबू मागून घेणारे. अमेरिकेत, ॲन आर्बरला आम्हाला येऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी शिकून सांता क्लाराला नोकरीला गेली, नवरा दिवसभर मीटिंगमध्ये. मी रिकाम्या घरात बसून करणार काय? दुपारी डबा घेऊन प्रोफेसरांकडे जायची आणि तासभर वाद घालून परत यायची. वाद घालायला मला मनापासून आवडतं. आई म्हणायची, हिला भिंतीशी भांडायला सोडा, भिंत माफी मागेल.

प्रोफेसरांचं निम्मं आयुष्य एकाच विषयात गेलं होतं, चीनमधलं शिक्षण कसं सुधारायचं. तरुणपणी ते तिथं सल्ला द्यायला गेले. मुलांकडून नुसतं पाठ करून घेऊ नका, त्यांना प्रश्न विचारू द्या, हातानं करून बघू द्या, असं सांगायला. तिथल्या वरच्या लोकांनाही तेच हवं होतं. पुस्तकं बदलली, शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, गृहपाठ कमी करा म्हणून हुकूम निघाले. प्रोफेसर वर्षाआड जायचे, वर्गात मागच्या बाकावर बसायचे आणि परत येऊन लिहायचे. त्यांच्या एका पुस्तकाचं पुष्कळ नाव झालं होतं म्हणे.

मी त्यांना ओळखायला लागले तोवर त्यांचं मत पार बदललेलं होतं. "पुढं कॉलेजात जायची ती एक मोठी परीक्षा तशीच ठेवली," ते म्हणायचे, "आणि शिक्षकाला सांगितलं, मुलांना मोकळं सोड. त्यानं करायचं काय? त्यानं मुलांकडून मोकळेपणाही पाठ करून घेतला."

मग त्यांनी मला तो सावलीचा धडा सांगितला. एका गावातल्या शाळेत मुलांनी अंगणात काठ्या रोवल्या होत्या, ती सावली मोजत होती आणि एकेक प्रश्न असा विचारत होती की प्रोफेसर खुळावले. त्या धड्यावर त्यांनी पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं. पुढं काही वर्षांनी तिथली एक तरुण शिक्षिका इथं शिकायला आली. तिनं त्यांना सांगून टाकलं की त्या धड्याची कित्येकदा तालीम झाली होती, कुणी कुठला प्रश्न विचारायचा ते ठरलेलं होतं आणि अर्धा वर्ग तर शेजारच्या खोलीत दार लावून बसवला होता.

"शी!" मी म्हणाले. "लहान पोरांकडून असलं नाटक करवून घ्यायचं? कसली माणसं ही?"

"त्यांना कशाला बोलतेस? मला जे बघायचं होतं ते त्यांनी मला दाखवलं. मी शाळा बघायला गेलोच नव्हतो. माझंच म्हणणं खरं झालेलं बघायला गेलो होतो." मग म्हणाले, "पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ते प्रकरण काढायला हवं होतं. नाही काढलं. छान जमलं होतं ते."

मला त्यांची कीव आली होती त्या दिवशी. चिन्यांचा राग आणि त्यांची कीव. स्वतःबद्दल म्हणाल तर मी अगदी खुशीत होते, कारण माझ्या मते मी ते करून दाखवत होते जे त्या एवढ्या मोठ्या देशाला जमलं नाही.

सांगते काय ते. आमच्या महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा आहे. एका प्राथमिक शाळेतली खोली भाड्यानं घेतो आम्ही. लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे. पूर्वी मी सरळ बाराखडी गिरवून घ्यायची. मुलं जांभया द्यायची आणि आईबाप दारातून आत ढकलून पळायचे. प्रोफेसरांची पुस्तकं वाचून मी ते सगळं बंद केलं. आता आम्ही मेथी पेरायचो, पिठाला पीठ म्हणत मळायचो, भांडायचं असेल तर मराठीतच भांडायचो. मुलं बोलायला लागली. खरंच लागली, त्यात खोटं काही नाही.

वर्गात एक मुलगी होती. बाप नाशिककडचा, आई चीनची, आई इथं युनिव्हर्सिटीत रिसर्चला. बाप सारखा कामानिमित्त फिरतीवर, म्हणून रविवारी आईच घेऊन यायची आणि कॉरिडॉरमध्ये खाली बसून लॅपटॉपवर काम करायची. तिला मराठीचा म सुद्धा येत नव्हता, पण एक रविवार चुकवायची नाही. मुलीचं मराठी म्हणजे खिचडी. अर्धं वाक्य मराठी, मग इंग्रजी, मग आईची भाषा, मग पुन्हा वळून मराठी. एक वाक्य पुरं व्हायला इतका वेळ लागायचा की बाकीची पोरं टेबलाखाली जाऊन यायची. आणि तिचा एक प्रश्न ठरलेला. मी काहीही सांगितलं की हात वर. "काकू, तुम्हाला कोणी सांगितलं?"

हळद लावली की जखम भरते. "तुम्हाला कोणी सांगितलं?" माझ्या आईनं. "त्यांना कोणी सांगितलं?" त्यांच्या आईनं. "आणि त्यांना?" अगं बाई माझे, आता गप्प बस! असं मी म्हणायची, हसत म्हणायची, पण कधीकधी हसू नुसतं ओठांवर असायचं.

एका रविवारी आम्ही कोशिंबीर केली. प्लॅस्टिकच्या सुऱ्यांनी काकडी चिरली, मीठ लावून ठेवली, गाणं म्हटलं आणि परत येऊन बघतो तर वाडग्यात पाणी. बाकी सगळे दही दही करून ओरडत होते. ही मुलगी वाडग्यात डोकं घालून बसली. "काकू, पाणी कोण टाकला? मी नाही टाकला."

मी सांगितलं, मिठानं पाणी सुटतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

आणि त्या दिवशी, देव जाणे कसं, मी चिडले नाही. म्हटलं, कुणी नाही सांगितलं, चला बघू. मग एका वाडग्यात मीठ न लावता काकडी ठेवली, एकात साखर लावून, एकात नुसती हळद. मुलं घड्याळ विसरली. बोटं घालून चाखत होती, एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, मराठीत! आईबाप दारात उभे राहून बघत होते. मी घरी आले ती हवेतच.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या मुलीची नक्कल करून दाखवली, "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हणून. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "मला तुझ्या वर्गात येऊन बसायचंय. एकदाच. उन्हाळ्यात मी मुलीकडे कायमचा राहायला जाणार, त्याआधी." आणि मी दारातून बाहेर पडताना मागून हाक मारून म्हणाले, "हे बघ, तयारी काही करू नकोस हं."

नाही हो, कसली तयारी! असं मी म्हणाले. तोंडानं म्हणाले आणि घरी येईपर्यंत डोक्यात तयारी सुरू झाली होती. आपल्या हाडातच आहे ते. कुणी येणार म्हटलं की चादर बदला, चपला आत सरकवा, मुलांची तोंडं पुसा. पाहुणा येणार म्हणून केर काढला तर ते खोटं बोलणं होतं का? मी स्वतःला हाच प्रश्न विचारला आणि मीच उत्तर दिलं, मुळीच नाही.

लहानपणी कऱ्हाडला आमच्या शाळेत तपासणीला साहेब यायचे. आठवडाभर आधीपासून गडबड. भिंतीवर नवे तक्ते, फळा काळा कुळकुळीत. बाई प्रश्न आणि उत्तरं घोकून घ्यायच्या. आदल्या दिवशी शाळा सुटताना चार-सहा नावं घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही उद्या आला नाहीत तरी चालेल. ती ढ मुलं. ती खुशीत उड्या मारत जायची, असं मला वाटायचं. मी पहिल्या बाकावरची, हुशार, साहेबांसमोर कविता म्हणणारी. त्या मुलांचं पुढं काय झालं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

तर मी ठरवलं, कोशिंबिरीचाच धडा पुन्हा घ्यायचा. एकदा इतका छान झाला, तर पुन्हा होईलच की. फक्त जरा नीटनेटका. म्हणून आदल्या रविवारी वर्गात सांगितलं की एक आजोबा येणार आहेत, आपण त्यांना गंमत दाखवायची. कोण काकडी आणेल, कोण मीठ लावेल, कोण काय म्हणेल, ते सगळं वाटून दिलं. पाण्याचा प्रश्न मी एका चुणचुणीत मुलाला दिला. त्याचं मराठी स्वच्छ, आजीआजोबा घरात असतात त्याच्या. "अरेच्चा! काकू, हे पाणी कुठून आलं?" तो म्हणाला, अगदी तोंडावर बोट ठेवून, नाटकातल्यासारखं. मी म्हटलं, शाबास!

तेवढ्यात हात वर. आमच्या बाईसाहेब. "काकू, पण तो माझा प्रश्न आहे." सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग ती शब्द शोधत शोधत म्हणाली, "आणि आपल्याला माहीत आहे ना पाणी कुठून येतो? मग परत का विचारायचा?"

पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले. मी म्हटलं, "तू जरा गप्प बसशील का?" ती गप्प बसली. पण निघताना माझ्या कोटाला धरून म्हणाली, "मी आजोबांना विचारू? त्यांना कोणी सांगितला?" म्हणजे माझ्या त्या एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञानी पाहुण्याला ही विचारणार, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून. डोळे नुसते चमकत होते तिचे. मी म्हटलं, बघू.

घरी आल्यावर मला चैन पडेना. ही पोरगी सगळ्यांच्या देखत म्हणणार की हे तर आपण केलंय. मग वर्गातली पोरं हसणार, मग मंडळाचे लोक, मग प्रोफेसर. त्या दिवशी वर्गात तिला सर्दी होती, नाक वाहत होतं. शुक्रवारी मी तिच्या आईला फोन लावला. इतकी गोड मी माझ्या सासूशीही कधी बोलले नसेन. म्हटलं, बिचारीला बरं नाही, थंडी किती पडलीय, या रविवारी नाही आणलंत तरी चालेल, विशेष काही शिकवणार नाही, नुसती उजळणी आहे. मग तिची आई म्हणाली, "ओके. आय अंडरस्टँड." मी फोन ठेवला आणि चहा टाकला. सुटले म्हटलं.

आणि याच बाईनं, म्हणजे मी, चिन्यांना नावं ठेवली होती. अर्धा वर्ग दुसऱ्या खोलीत कोंडला म्हणून शी म्हटलं होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी एकीलाच घरी ठेवलं ना, अर्धा वर्ग थोडाच होता! असा हिशेब मी तेव्हा केला असेन, नाहीतर तो चहा माझ्या घशाखाली उतरला नसता.

रविवार मस्त झाला. प्रोफेसर टाय लावून आले होते. मुलांनी नमस्कार केला. काकडी चिरली, मीठ लावलं, गाणं म्हटलं. चुणचुणीत मुलानं तोंडावर बोट ठेवलं, "अरेच्चा!" एक मुलगी म्हणाली, मला वाटतं मिठामुळे. दुसरा म्हणाला, आपण साखर लावून बघू या का? सगळं जिथल्या तिथं. मी मध्ये उभी राहून आश्चर्य वाटल्यासारखं करत होते. मंडळाच्या सेक्रेटरीनं व्हिडिओ काढला आणि लगेच आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. टाळ्यांचे, फुलांचे, हात जोडल्याचे नुसते ढीग. "काकू, यू आर द बेस्ट!" पार लांब फ्रिस्कोला राहणाऱ्या माझ्या वहिनीपर्यंत तो व्हिडिओ पोचला. प्रोफेसरांनी मुलांबरोबर कोशिंबीर खाल्ली, माझा हात हातात घेऊन आभार मानले आणि गेले.

सोमवारी मी थालीपीठ घेऊन त्यांच्याकडे गेले. कौतुक ऐकायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू?

त्यांनी थालीपीठ खाल्लं. बर्फाबद्दल बोलले. मग म्हणाले, "मुलं बोलायच्या आधी तुझ्याकडे बघत होती. सगळीच. ती नजर मी पुष्कळ वर्षं बघितलीय. तेव्हा मला वाटायचं, आदर आहे."

माझा चेहरा उतरला असणार. पण हार मानेन तर मी कसली! मी भांडायलाच उठले. म्हटलं, आमच्याकडे पाहुणा यायचा असला की घर आवरतात. तुम्ही येणार म्हणून मी थोडा केर काढला, त्यात काय बिघडलं?

"काही नाही," ते म्हणाले. "चूक माझीच आहे. मी यायलाच नको होतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "ती मुलगी कुठली होती त्यातली? ती, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणणारी? मी तिलाच भेटायला आलो होतो खरं तर."

मी म्हटलं, "तिला सर्दी झाली होती."

"हो का," ते म्हणाले.

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या. नुसतं हो का! मी रिकामा डबा घेऊन रस्ता ओलांडला. घरी येऊन तो घासलेलाच डबा पुन्हा घासत बसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी त्याच्यावरच खेकसले.

बुधवारी मुलीच्या आईचा मेसेज आला की लेक या रविवारी येणार नाही. कारण काही नाही. मी लाडूंचा डबा भरला आणि त्यांच्या घरी गेले. आपल्याला माफी मागायची असली की आधी खायला न्यायचं सुचतं, हे एक वेगळंच. मुलगी पोहायच्या क्लासला गेली होती. आईनं मला बसवलं आणि कपात गरम पाणी आणून दिलं. नुसतं गरम पाणी. तिच्याकडे तसंच देतात.

ती रागावली असती तर माझं काम सोपं होतं. ती अगदी हळू बोलत होती. तिनं सांगितलं की नवरा फिरतीवरून परत आला आणि त्यानं कौतुकानं लेकीला व्हिडिओ दाखवला, बघ तुझी शाळा म्हणून. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पोरीनं बघितलं आणि म्हणाली, हा माझा प्रश्न आहे. मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघून म्हणाली, याचंही नाक वाहतंय. आणि खरंच, त्या व्हिडिओत आमचा चुणचुणीत मुलगा अरेच्चा म्हणायच्या आधी बाहीला नाक पुसतो. मी ते आठ वेळा बघितलं असेल आणि मला दिसलं नव्हतं.

"मग तिनं मला विचारलं, सर्दी त्यालाही होती, तर मलाच का घरी ठेवलं? मी तिला खरं काय ते सांगितलं," तिची आई म्हणाली. "पाहुणे येणार होते, म्हणून ज्यांना नीट बोलता येतं त्यांनाच बोलावलं होतं, असं सांगितलं."

"अहो, असं कशाला सांगितलंत?" मी म्हटलं. माझी हिंमत बघा! तिलाच जाब विचारत होते.

ती म्हणाली, "माझ्या शाळेत परदेशी पाहुणे यायचे. मी खेड्यातून आले होते, बोलताना अडखळायची. आम्हाला शेजारच्या खोलीत बसवायचे. भिंतीतून सगळं ऐकू यायचं, टाळ्या आणि सगळं. माझ्या आईनं मला सांगितलं होतं की त्या खोलीत जास्त शहाण्या मुलांना बसवतात. मला ते बरीच वर्षं खरं वाटत होतं. खरं कळलं तेव्हा मी मोठी झाले होते आणि जास्त लागलं. म्हणून म्हटलं, हिला आत्ताच कळू दे." मग तिनं माझ्या कपात आणखी गरम पाणी ओतलं. "तुमचा फोन आला तेव्हाच मला समजलं होतं. शाळेतून इतक्या प्रेमानं कुणी बोललं की समजायचं. फक्त अमेरिकेत तसा फोन येईल असं वाटलं नव्हतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं. तिच्या त्या स्वच्छ सोफ्यावर बसून मला ते अक्षरशः वाटलं. मी तिला सॉरी म्हटलं. इंग्रजीत म्हटलं, मग न राहवून मराठीत म्हटलं, चुकलं माझं. तिला ते शब्द कळले नाहीत, पण तिनं मान हलवली.

"तुम्ही वाईट नाही," ती म्हणाली. "माझ्या बाईही वाईट नव्हत्या."

मी विनवण्या केल्या. म्हटलं, पोरीला पाठवा, मी तिला हवं तेवढं बोलू देईन, तिला वेळ लागला तर सगळा वर्ग थांबेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाठवीन. थोडे दिवस द्या. तिची तयारी झाली की पाठवीन." मला इतकं हायसं वाटलं की तयारी कसली, हे मी विचारलंच नाही. मी आपली धावत घरी आले.

मधल्या रविवारी मी वर्गात त्या मुलाला आणि सगळ्यांना सांगितलं की तो प्रश्न खरं तर कुणाचा होता, आणि मी तिला बोलावलं नाही ही माझी चूक होती. मुलं ऐकून घेऊन खाऊकडे वळली. त्यांना काय त्याचं! मग प्रोफेसरांकडे जाऊन सर्दीचं खरं सांगितलं. त्यांची पुस्तकं खोक्यांत भरायची होती, मी त्यांना खोकी चिकटवायला मदत केली. ते नाव झालेलं पुस्तकही एका खोक्यात गेलं.

बर्फ वितळायला लागला तेव्हा ती आली. तिच्या केसांना दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. आई नेहमीसारखी कॉरिडॉरमध्ये बसली. मी ठरवलं होतं की आज वर्ग हिचा. पानं, फुलं, मुळं, हळद असा विषय मी ग्रुपवर आधीच कळवला होता. मी मुद्दाम हळदीचा ओला कंद आणला होता. तो कापून सगळ्यांच्या बोटांना पिवळं लावलं आणि म्हटलं, "ही लावली की जखम भरते."

आणि थांबले. तिच्याकडे बघत थांबले. आता हात वर येईल, आता येईल.

तिचा हात वर आला. "हळद औषधी आहे," ती म्हणाली. "हळद जमिनीखाली वाढते. हळदीचा रंग पिवळा असतो." एक शब्द इंग्रजी नाही, एक अडखळणं नाही. बाकीची पोरंसुद्धा बघत राहिली. मी पानाबद्दल विचारलं, तिनं सांगितलं. फुलाबद्दल विचारलं, सांगितलं. मी मुद्दाम एक खोटं बोलले, की गाजर झाडावर लागतं. ती जरा गोंधळली, ओठ हलले, पण काही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मान डोलावली.

वर्ग सुटल्यावर मी बाहेर तिच्या आईला विचारलं. ती जरा लाजून हसली. म्हणाली, नवऱ्यानं फोनमध्ये वाक्यं बोलून ठेवलीत, रोज जेवणाआधी आम्ही दोघी ऐकतो आणि म्हणतो. मलाही थोडी यायला लागली. आणि तिनं मला म्हणून दाखवलं, "हळद औषधी आहे." इतके स्पष्ट उच्चार! ज्या बाईला मराठीचा म येत नव्हता, तिनं माझ्यामुळे हे पाठ केलं होतं. मला रडू आवरेना, मी कोटाच्या बाहीत तोंड घातलं.

मुलगी कोटाची चेन लावत आमच्याजवळ आली. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "बाळा, गाजराचं मी चुकीचं सांगितलं होतं. तुला काही विचारायचं होतं का?"

"नाही, काकू."

"काहीही विचार. मला कोणी सांगितलं, ते विचार."

तिनं आईकडे बघितलं. मग सरळ उभी राहून, एकेक शब्द सुटा करत, घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हणाली, "काकू, मला आता नीट बोलता येतं. पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा मी येऊ का?"

मी हो म्हटलं. ये, नक्की ये, म्हटलं.

"थँक यू, काकू," ती म्हणाली.